आठवा कोण?

रविवारी रात्री बारापर्यंत मला आठ नावं पाठवायची आहेत. सात ठरली. आठव्यावर गेले दहा दिवस अडून बसलोय. यापेक्षा कितीतरी मोठे निर्णय पाच मिनिटांत घ्यायची सवय असलेल्या माणसाने एका ऑस्ट्रेलियन पोरापायी झोप घालवावी, हे आमच्या घरी कुणालाच पटलेलं नाही. "अहो, तो मुलगा तुम्हाला ओळखतो तरी का?" असं बायकोने काल फोनवर विचारलं. नाही ओळखत. त्याचं नाव ॲरन कॅडमन, उंची १९५ सेंटिमीटर. ग्रेटर वेस्टर्न सिडनी जायंट्स या क्लबासाठी तो ऑस्ट्रेलियन फुटबॉल खेळतो, आणि गेली दोन वर्षं माझ्या कागदावरच्या टीममध्येही.

आधी पार्श्वभूमी सांगतो, नाहीतर सातारा-कोल्हापूरचे आमचे माजी सैनिक वाचक म्हणतील, साहेबांचं डोकं पोस्टिंगच्या हवेने फिरलं.

२०२३ चं अख्खं वर्ष मी कॅनबेराला स्टाफ कोर्सला होतो. आमच्या सिंडिकेटमध्ये मेलबर्नचा एक मेजर होता. पहिल्याच आठवड्यात त्याने विचारलं, "तुझा क्लब कुठला?" मी भाबडेपणाने मोहन बागान म्हणालो. त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की त्याच संध्याकाळी मला त्यांच्या फँटसी लीगमध्ये दहावा गडी म्हणून भरती करून घेण्यात आलं. पैशाचा संबंध नाही, हे आधीच स्पष्ट करतो. शेवटच्या नंबरवर येणाऱ्याने विजेत्याच्या क्लबाचं गाणं म्हणून व्हिडिओ पाठवायचा, एवढीच शिक्षा. त्या पहिल्या वर्षी मी दहापैकी दहावा आलो. कॉलिंगवूडचं गाणं मी बाथरूममध्ये म्हटलं. तो व्हिडिओ आजही कुठेतरी फिरतोय.

आमची लीग 'कीपर' पद्धतीची आहे. म्हणजे दर मोसमाआधी जुन्या टीममधले आठ खेळाडू राखायचे, बाकीचे सोडायचे, आणि सोडलेल्यांचा नव्याने ड्राफ्ट करायचा. त्यामुळे इथे फक्त यंदाचा हिशेब चालत नाही. आज कच्चा असलेला पोरगा तीन वर्षांनी काय होईल, याचा अंदाज बांधावा लागतो. म्हणजे बोर्डात बसल्यासारखंच काम, फक्त चहा आपला आपण करून घ्यायचा.

आता खेळाबद्दल थोडं. मैदान क्रिकेटचंच, लंबगोल. एका बाजूला अठरा खेळाडू. हा खेळ जन्मालाही क्रिकेटमधूनच आला: १८५८ मध्ये मेलबर्नच्या टॉम विल्स या क्रिकेटपटूने पत्र लिहून सुचवलं की हिवाळ्यात गडी सुस्तावतात, तर फुटबॉल क्लब काढा. पुढच्याच वर्षी नियम लिहिले गेले. दोन्ही टोकांना चार-चार खांब असतात. मधल्या दोन खांबांतून चेंडू लाथेने गेला की सहा गुण, बाजूच्या फटीतून गेला तर एक. लाथेने आलेला चेंडू हवेत झेलला तर त्याला 'मार्क' म्हणतात, आणि झेलणाऱ्याला खेळ थांबवून निवांत लाथ मारायचा हक्क मिळतो. 'की फॉरवर्ड' म्हणजे गोलसमोरचा उंच गडी. मधल्या फळीतून लांब चेंडू यायचे आणि याने दोन-तीन बचावपटूंना अंगावर घेऊन ते झेलायचे. आपल्या कबड्डीतला रेडर हवेत उडाला तर कसा दिसेल, तसं काहीसं.

फँटसीचे गुण असे: लाथेला ३, हाताच्या मुठीने दिलेल्या पासला २, मार्कला ३, टॅकलला ४, गोलला ६, बाजूच्या फटीला १. आपल्या चुकीने फ्री किक गेली तर उणे ३. आता हिशेब करा. एखाद्या मिडफिल्डरने दिवसभर पळून सोळा लाथा, चौदा हँडबॉल, पाच मार्क, पाच टॅकल केले, तर १११ गुण होतात, एकही गोल न करता. उलट की फॉरवर्डचा चांगला दिवस धरा: तीन गोल, दहा लाथा, सहा मार्क, तीन हँडबॉल, एक टॅकल. बेरीज ७६. सामना कदाचित त्या तीन गोलांनीच जिंकला असेल, पण कागदावर तो मिडफिल्डरच्या ३५ गुण मागे. आणि की फॉरवर्डचे वाईट दिवस फार वाईट असतात. पाऊस पडला, चेंडू निसरडा झाला, मधली फळी हरली, की हा बिचारा सव्वीस गुणांवर घरी येतो.

म्हणून आमच्या लीगमध्ये एक अलिखित नियम आहे: तरुण की फॉरवर्ड राखायचा नाही. आठव्या जागेसाठी माझ्याकडे एक मिडफिल्डर आहे, दर सामन्याला नव्वदच्या आसपास देणारा, वय २७, दुखापतीचा इतिहास नाही. त्याचं नाव लिहीत नाही, कारण लीगमधले दोघे भाषांतराचं यंत्र लावून हा ब्लॉग वाचतात. (नमस्कार, मेजर. हे मी सोमवारीच टाकतोय, मुदत उलटल्यावर.)

नियम चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. त्यामागे पुरावा आहे आणि तो नेमका जायंट्सचाच आहे. हा क्लब २०१२ मध्ये लीगमध्ये आला. नवा क्लब म्हणून त्यांना ड्राफ्टात पहिल्या निवडी मिळाल्या. २०११ च्या ड्राफ्टात पहिला घेतला जोनाथन पॅटन, की फॉरवर्ड. त्याच्या गुडघ्यावर पुन्हा पुन्हा ऑपरेशनं झाली आणि ज्या उंचीसाठी घेतला ती उंची मैदानापेक्षा फिजिओच्या खोलीत जास्त दिसली. २०१३ चा पहिला टॉम बॉइड, तोही की फॉरवर्ड. तो एका मोसमात निघाला, वेस्टर्न बुलडॉग्जकडे. बदल्यात बुलडॉग्जने आपला कप्तान दिला. मधल्या २०१२ च्या वर्षी पहिला घेतला होता लॅकी व्हिटफील्ड, जो उंच फॉरवर्ड नव्हता. तो अजून तिथेच आहे, मागच्या फळीतून खोऱ्याने चेंडू उचलतो, आणि फँटसी खेळणाऱ्यांचा लाडका आहे. एकाच क्लबाच्या तीन पहिल्या निवडी समोर ठेवल्या तर मेजरचा नियम सोन्यासारखा वाटतो.

पण बॉइडचं पुढचं ऐका. २०१६ च्या अंतिम सामन्यात याच पोराने तीन गोल केले. त्यातला शेवटचा तर लांबून मारलेला, टप्पे खात खात गोलात शिरलेला. बुलडॉग्जला ६२ वर्षांनी कप मिळाला. २०१९ मध्ये, तेविसाव्या वर्षी, त्याने खेळ सोडला. शरीर आणि मन दोन्ही थकल्याचं त्याने मोकळेपणाने सांगितलं. फँटसीच्या हिशेबात बॉइड कधीच राखण्यालायक नव्हता. फूटस्क्रेमधल्या एखाद्या म्हाताऱ्याला विचारा की बॉइड फुकट गेला का.

आता कॅडमन. २०२२ मध्ये पहिली निवड तळाच्या नॉर्थ मेलबर्नकडे होती. चार क्लबांच्या मोठ्या अदलाबदलीत ती जायंट्सकडे आली आणि त्यांनी, पॅटन-बॉइडचा चटका बसलेला असूनही, पुन्हा उंच फॉरवर्डच घेतला. पोरगा व्हिक्टोरियाचा, बॅलरॅटकडचा.

जायंट्स दर मोसमात काही सामने कॅनबेराच्या मनुका ओव्हलवर खेळतात. हे मैदान आपल्याकडच्या जिल्ह्याच्या ठिकाणच्या स्टेडियमसारखंच, घरगुती. झाडं, बुटके स्टँड, आणि थंडी अशी की मला लेहची आठवण यायची आणि शेजारचे लोक हाफपँटमध्ये बिअर पीत असायचे. तिथे मी त्याला पहिल्यांदा पाहिलं. मेजर चेंडूकडे बघत होता, मी सवयीने चेंडूपासून लांब बघत होतो. हल्ल्यात जो भाग शांत असतो तिकडे आधी बघायचं, हे आमच्या रक्तात शिरलंय. तर हा पोरगा पळायचा. गोलसमोरून कोपऱ्याकडे चाळीस मीटर, हात वर, चेंडू मागत. चेंडू दुसऱ्याला जायचा. हा वळायचा, परत जागेवर, परत पळायचा. एका क्वार्टरमध्ये मी मोजलं: अकरा वेळा पळाला, दोनदा चेंडू आला, एकदा हातातून निसटला. फँटसीच्या खात्यावर त्या वीस-पंचवीस मिनिटांचे तीन की चार गुण पडले असतील. पण दर वेळी त्याच्यामागे एक बचावपटू खेचला जात होता आणि गोलसमोर जागा रिकामी होत होती. त्या जागेत दुसरंच कुणीतरी मार्क घेत होतं.

बहुतेक वेळा ते कुणीतरी म्हणजे जेसी होगन. या होगनची गोष्ट तर प्रत्येक निवड समितीला वाचून दाखवावी अशी आहे. २०१५ मध्ये मेलबर्न क्लबाकडून खेळताना वर्षातला सर्वोत्तम तरुण खेळाडू. सगळे म्हणाले, पुढची दहा वर्षं याचीच. २०१७ मध्ये कॅन्सर निघाला, ऑपरेशन झालं. मग पायाचं दुखणं. मग फ्रीमँटलला बदली. तिथेही जमेना. मग जायंट्सकडे. तोवर फँटसीवाल्यांनी त्याचं नाव घेणं सोडलं होतं. २०२४ मध्ये, २९ व्या वर्षी, त्याने मोसमातले सर्वाधिक गोल केले आणि कोलमन मेडल घेतलं. माझं म्हणणं असं की त्या मेडलच्या धातूत थोडा भाग कॅडमनचा आहे. समोरच्या संघाचा एक उंच बचावपटू तो दर सामन्यात बाजूला घेऊन जात होता. हे मी सिद्ध करू शकत नाही. बाजूला नेलेल्या बचावपटूचे गुण कुठल्याच तक्त्यात लिहिलेले नसतात.

होगनकडे बघून आणखी एक गोष्ट कळते. मिडफिल्डर एकोणिसाव्या वर्षीही पळून गुण कमावतो. गोलसमोरच्या गड्याला समोरून तीस वर्षांचा, शंभर किलोचा, दहा वर्षं धक्काबुक्की करून तयार झालेला बचावपटू भेटतो. त्याच्याशी खांद्याला खांदा लावायला हाडं भरावी लागतात. ते काम चोवीस-पंचवीसच्या आत क्वचितच होतं. जेरेमी कॅमेरॉनसारखे अपवाद असतात. तो जायंट्सकडे सतराव्या वर्षी आला आणि जवळपास लगेच गोल करू लागला. बुलडॉग्जचा सॅम डार्सीही तसाच, २०८ सेंटिमीटर, बाप आणि आजोबा दोघेही त्याच क्लबाचे. डार्सी आमच्या लीगमध्ये एका विमानदलवाल्याकडे आहे आणि तो त्याला कुणाच्या बापाला देणार नाही. नियम मोडायला सगळे तयार असतात, पोरगा २०८ सेंटिमीटर असला की.

२०२४ च्या नोव्हेंबरमध्ये ऑस्ट्राहिंद सराव पुण्यात औंधला झाला. लीगमधला एकजण त्यांच्या तुकडीबरोबर आला होता आणि मी सुट्टीवर पुण्यातच होतो. त्याला मिसळ खायला नेलं. दोन घास खाऊन त्याचं कपाळ घामाने भिजलं, आणि त्याच अवस्थेत त्याने मला ऐकवलं: "तू कॅडमनला राखतोस ते तू त्याला मनुकाला पाहिलंस म्हणून. न पाहिलेल्या पाचशे पोरांना तू न्याय दिलास का?" तर्री पोटात गेल्यावरही माणूस इतका मुद्द्याचं बोलू शकतो हे बघून कौतुक वाटलं. त्याचं खरं आहे. मी एक पोरगा पाहिला, त्याच्यावर जीव जडला, आणि आता आकड्यांत कारणं शोधतोय. वरिष्ठांच्या डोळ्यांसमोर राहणाऱ्याला चांगला रिपोर्ट आणि लांबच्या पोस्टवरच्याला कोरा कागद, या गोष्टीवर मेसमध्ये मीच तावातावाने बोलत आलोय.

पण मला आडवी येते ती दुसरी गोष्ट. बऱ्याच वर्षांपूर्वी मी कंपनी कमांडर असताना माझ्याकडे एक लेफ्टनंट होता, शॉर्ट सर्व्हिसचा, विदर्भातला. कमी बोलायचा. वर्षभर मी त्याला जी कामं दिली ती अशी: रिले पोस्ट सांभाळ, मागचा ताफा वर आण, दुसऱ्या प्लाटूनला कव्हर दे. ती त्याने बिनचूक केली. तो जिथे होता तिथून मला कधी वाईट बातमी आली नाही, त्यामुळे मी तिकडे बघितलंही नाही. त्याच वर्षी दुसऱ्या एका पोराने दोन नजरेत भरणाऱ्या गोष्टी केल्या. रिपोर्ट लिहायला बसलो तेव्हा एकाच्या नावापुढे लिहायला प्रसंग होते, दुसऱ्याच्या नाही. एकाला मी नऊपैकी नऊ दिले, दुसऱ्याला सात. कागदावर सात म्हणजे सरासरीपेक्षा वरचा. आपल्या वाचकांत ज्यांनी हे फॉर्म भरलेत त्यांना सात म्हणजे काय ते सांगायला नको.

पुढे परमनंट कमिशनच्या वेळी त्याचे सगळे रिपोर्ट एकत्र पाहिले गेले, त्यात माझा सातचा होता. त्याला परमनंट मिळालं नाही. माझ्या एका आकड्यामुळेच, असं मी म्हणत नाही, तेवढा मी स्वतःला मोठा समजत नाही. पण ज्या प्लाटूनला त्याने कव्हर दिलं तिच्या कमांडरचे नऊ कुणाच्या जोरावर होते, हे मला उशिरा कळलं, तेही त्या नऊवाल्यानेच सांगितलं तेव्हा. आता तो लेफ्टनंट पुण्यात एका मालवाहतुकीच्या कंपनीत आहे. दर दिवाळीला न चुकता त्याचा मेसेज येतो, "सर, शुभेच्छा." मी त्याला त्या रिपोर्टबद्दल कधी बोललो नाही. काय बोलणार?

म्हणून फँटसीतल्या गुणांवर माझा राग नाही, पण विश्वासही अर्धाच आहे. ते खरं बोलतात, फक्त चेंडू जिथे आहे तिथलंच बोलतात. मिडफिल्डरने वीस वेळा चेंडूला हात लावला हे खरंच. कॅडमन अकरा वेळा पळाला हेही खरं, पण ते बघायला तिथे कुणीतरी थंडीत बसलेला असावा लागतो. आणि पोराचं वजन करताना आज किती देतो एवढंच न बघता, त्याला आज काय काम दिलंय तेही बघावं लागतं. होगन आहे तोवर कॅडमनला दुसऱ्या नंबरचं काम आहे. होगन २०२५ मध्ये तिशीचा झाला. तो थकेल तेव्हा पहिल्या नंबरचं काम कुणाकडे जाणार? आणि तेव्हा पोरगा चोवीस-पंचवीसचा असेल. कीपर लीगमध्ये राखायचं ते याच दिवसासाठी.

उलट बाजूही मांडतो, नाहीतर वकिली होईल. पहिली निवड म्हणून आलेल्या पोरावर अपेक्षांचं ओझं असतं, ते बॉइडने सांगितलंच आहे. गुडघा कुणाचाही जाऊ शकतो. शिवाय जायंट्सचा काही नेम नाही. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये ब्रिस्बेनविरुद्ध ४४ गुणांची आघाडी घेऊन ते घरच्या मैदानावर पाच गुणांनी हरले. इथे दुपारचे साडेपाच वाजले होते, नेटवर्क दर दोन मिनिटांनी जात होतं, आणि दर वेळी परत आलं की आघाडी आणखी कमी झालेली. आमचा ऑर्डर्ली शेवटी म्हणाला, "सर, बंद करा, तेच बरं." ब्रिस्बेनने पुढे कपही नेला. आणि सगळ्यात साधी गोष्ट: त्या मिडफिल्डरला सोडलं तर यंदा मी आठवड्याला तीस-चाळीस गुण हरणार, हे जवळजवळ नक्की. एखादा गाणं म्हणायचा प्रसंग पुन्हा येऊ शकतो.

यात माझ्या लेकाचं मत विचारलं. तो दहावीत आहे. त्याने मोबाइलवर तक्ता पाहिला आणि दोन सेकंदांत सांगितलं, "बाबा, मिडफिल्डर. यात विचार करण्यासारखं काय आहे?" मी म्हटलं, तू त्याला खेळताना पाहिलंस का? तो म्हणाला, "तुम्ही तरी त्या दुसऱ्याला पाहिलंय का?" नव्हतं पाहिलं. मग शनिवारी बसून त्या मिडफिल्डरचे मिळाले तेवढे जुने सामने पाहिले, नेटवर्कने दिले तेवढे. चांगला खेळतो. प्रामाणिक आहे. बरेचसे गुण मागे मागे, दबाव नसलेल्या जागी, इकडून तिकडे चेंडू फिरवून मिळवतो. हे मला आधी माहीत नव्हतं, आणि कळल्यावर जरा हायसं वाटलं, हेही लपवत नाही.

रविवारी रात्री साडेदहाला नावं पाठवली. आठवं नाव कॅडमन. अकराला मेजरचं उत्तर आलं. त्याच्याकडे तेव्हा पहाटेचे साडेचार झाले होते, म्हणजे गडी जागाच होता. त्याने फक्त विचारलं, "आवाज तयार आहे ना?" ड्राफ्ट येत्या शनिवारी, सिडनीच्या वेळेने संध्याकाळी सातला, आपल्याकडे दुपारी दीड. सीओंनी त्या वेळी कॉन्फरन्स ठेवली नाही म्हणजे मिळवलं. त्यांनी निरोप धाडलाय की या महिन्यात दोन लेफ्टनंटांबद्दल माझं मत हवंय. त्यातल्या एकाचं नाव वाचल्यावर चेहरा डोळ्यांसमोर येईना. उद्या सकाळी गाडी काढून तो ज्या पोस्टवर आहे तिकडे जाऊन येतो. चार तासांचा रस्ता आहे.